जो नमुना आम्ही भरतो, तो आपणही भरावा : सेबीला खुलं पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळ (सेबी),
वांद्रे-कुर्ला संकुल, मुंबई

सविनय नमस्कार.

आपल्या बीआरएसआर नमुन्यात, म्हणजे व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता अहवालात, प्रश्न जबाबदार व्यवसायाच्या तत्त्वांप्रमाणे मांडले आहेत. त्यातल्या तिसऱ्या तत्त्वाखाली एक प्रश्न आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ प्रमाणे तुमची कार्यालयं दिव्यांग कर्मचाऱ्यांना सुगम, म्हणजे अडथळ्याविना वापरता येण्याजोगी, आहेत का, आणि नसतील तर त्यासाठी काय चाललं आहे? चाकण भागातल्या एका सूचीबद्ध, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या, कंपनीत मी कंपनी सेक्रेटरींच्या हाताखाली काम करतो. या अहवालाची माहिती गोळा करायचं काम माझ्याकडे आहे. पहिल्या वर्षी या प्रश्नापुढे मी ‘होय’ लिहिलं. इमारतीच्या नकाशात रॅम्प होता, आर्किटेक्टचा दाखला होता, फाईल पूर्ण होती.

अहवाल छापून आला त्याच आठवड्यात अकाउंट्समधले आमचे एक सहकारी जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलापाशी आले. लहानपणी झालेल्या पोलिओमुळे ते कुबड्या घेऊन चालतात. आवाज जराही न चढवता म्हणाले, “त्या रॅम्पवर कुंड्या आहेत. मी सहा वर्षं माल उतरवायच्या दारानं आत येतोय.”

मी खाली जाऊन पाहिलं. शोभेच्या झाडांच्या अकरा कुंड्या दोन्ही कडांना लावलेल्या. रॅम्पच्या तोंडाशी कुणी दुचाकी लावू नये म्हणून साखळी, तिला कुलूप. किल्ली सिक्युरिटीच्या खोलीत होती खरी, पण जुडग्यातली नेमकी कुठली हे त्या पाळीच्या माणसाला ठाऊक नव्हतं. कुंड्या त्याच संध्याकाळी हलल्या. मग टेप लावून उतार मोजला. एक फूट चढायला बारा फूट लांबी हवी, आमची आठच फूट भरत होती. नवा रॅम्प आणि कठडा व्हायला चार महिने गेले. त्या दारानं मी रोज पायऱ्या चढून आत येत होतो आणि तरीही ‘होय’ लिहून मोकळा झालो होतो, ही गोष्ट माझ्या मनातून अजून गेलेली नाही.

पत्राची सुरुवात यानं करण्याचं कारण असं की आपला नमुना काय करू शकतो ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या एका प्रश्नामुळे एक माणूस पुढच्या दारानं आत येऊ लागला. म्हणूनच माझी विनंती आहे की हाच नमुना, याच प्रश्नांसकट, सेबीनं स्वतःच्या कारभारासाठी भरावा आणि दरवर्षी जाहीर करावा.

कायद्यानं आपल्यावर तसं बंधन नाही, हे मला माहीत आहे. सेबी ही सूचीबद्ध कंपनी नाही, ती १९९२ च्या कायद्यानं अधिकार मिळालेली वैधानिक संस्था आहे. आपण आपल्या इमारतीत काहीच करत नसाल, असंही मी समजत नाही. पण २०१२ मध्ये आपण बाजारमूल्यानं पहिल्या शंभर कंपन्यांकडून जबाबदारीचा अहवाल मागायला सुरुवात केली. मग पाचशे झाल्या, मग हजार. १० मे २०२१ च्या परिपत्रकानं आजचा नमुना आला आणि २०२२-२३ पासून पहिल्या हजार कंपन्यांना तो सक्तीचा झाला. २०२३ मध्ये त्याच्या गाभ्याचे मुद्दे वेगळे काढून त्यांची बाहेरच्या माणसाकडून पडताळणी मागितली, पहिल्या दीडशे कंपन्यांपासून टप्प्याटप्प्यानं. तेरा-चौदा वर्षांत आपण देशातल्या मोठ्या कारखान्यांना, बँकांना, सॉफ्टवेअर कंपन्यांना आपापलं पाणी, वीज, कचरा, पगार आणि माणसं मोजायची सवय लावलीत. हे फार मोठं काम आहे.

मोजायला बसल्यावर काय होतं, तेही सांगतो. पाण्याच्या रकान्यात नदी-तलावाचं किती, जमिनीखालचं किती, बाहेरून घेतलेलं किती, असं वेगवेगळं विचारलं आहे. आम्हाला फक्त एमआयडीसीचं बिल ठाऊक होतं. टँकरची चलनं गेटवरच्या केबिनमध्ये एका तारेत खोचलेली होती, वरची उन्हानं पिवळी पडलेली, खालची पावसात चिकटलेली. एका रविवारी मी आणि स्टोअरमधला एक मुलगा, आम्ही ती एकेक सोडवून बेरीज केली. बोअरवेलला तर मीटरच नव्हता. पंपाच्या अश्वशक्तीवरून अंदाज लिहिला आणि तसं खाली नमूद केलं. पुढच्या वर्षी मीटर बसला, आणि बसल्यावर महिन्याभरात कळलं की रात्रपाळीत टाकी भरून वाहत होती. कुणाचा वाईट हेतू नव्हता, पण तोवर तो आकडा कुणी विचारलाच नव्हता.

वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कार्यालयाला हे जास्तच लागू पडतं. मिठी नदीकाठच्या दलदलीच्या, खारफुटीच्या जमिनीवर भर घालून हे संकुल उभं राहिलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा हीच मिठी फुगून दोन्ही काठांच्या वस्त्यांत शिरली. हवामानाच्या धोक्याची माहिती आपण कंपन्यांकडून मागता. आपल्या तळघरातले पंप, जनरेटर, सर्व्हर किती पाण्यापर्यंत तग धरतील, याचं उत्तरही त्याच नमुन्यात बसतं. देशाच्या शेअर बाजारावर लक्ष ठेवणारी यंत्रणा एका पावसानं बंद पडू नये, याची काळजी गुंतवणूकदारांनाही असते.

दुसऱ्या देशांत नियामकांनी हे केलेलं आहे. बँक ऑफ इंग्लंडनं जून २०२० मध्ये स्वतःच्या कारभारातल्या हवामान-जोखमीचा अहवाल जाहीर केला. आपल्या इमारती, प्रवास आणि नोटांची छपाई यांतून होणारं उत्सर्जनही त्यात आलं. युरोपियन मध्यवर्ती बँकेकडे २०१० पासून युरोपच्या पर्यावरण व्यवस्थापन योजनेचं प्रमाणपत्र आहे. आणि आपल्याकडे, आपल्याच शहरात, रिझर्व्ह बँकेनं २०२४-२५ च्या वार्षिक अहवालात जुन्या नोटांच्या चुऱ्याबद्दल लिहिलं. या चुऱ्याच्या दाबून केलेल्या विटा वर्षाला सुमारे १५,००० टन निघतात. आजवर त्या जाळल्या जात किंवा भरावात जात. आता त्यांचे पार्टिकल बोर्ड, म्हणजे चुरा दाबून केलेल्या फळ्या, करता येतील, असं अभ्यासात दिसून आलं आहे. मला ते वाचून आनंद झाला. आपल्या हातून निघणाऱ्या कचऱ्याकडे स्वतः पाहणारी संस्था दुसऱ्याला त्याच्या कचऱ्याबद्दल विचारते तेव्हा ऐकावंसं वाटतं.

आता खरेदीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते नियामकाच्या हातातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे. सेबीच्या मुख्यालयाला आणि प्रादेशिक कार्यालयांना वर्षभर कागद, टोनर, संगणक, एसी, फर्निचर, चहापाणी, गाड्या, परिषदांचे मंडप आणि हारतुरे लागतात, साफसफाईची कंत्राटं द्यावी लागतात. नमुन्याच्या दुसऱ्या तत्त्वात आपण आम्हाला विचारता की तुमच्याकडे शाश्वत खरेदीची पद्धत आहे का, आणि असेल तर किती टक्के माल तसा घेतला? आठव्या तत्त्वात विचारता की छोट्या उद्योगांकडून थेट किती घेतलं? वंचित घटकांकडून खरेदी करायचं काही धोरण आहे का? हे फार चांगले प्रश्न आहेत, आणि सरकारी खरेदीत ते सगळ्यात अवघड आहेत.

आमच्या तालुक्यातल्या एका महिला बचत गटाच्या बायका जाड सुती कापडाचे फोल्डर शिवतात. आत खिसा, बाहेर नाडी, धुऊन पुन्हा वापरता येतात. दोन वर्षांपूर्वी एका सरकारी कार्यालयाला, आपल्या नव्हे, चर्चासत्रासाठी ८०० फोल्डर हवे होते. कागदपत्रं भरायला मी त्यांना मदत केली. निविदेत तीन वर्षांच्या उलाढालीची अट होती, आधी सरकारी पुरवठा केल्याचा अनुभव हवा होता, अनामत रक्कम होती. नमुन्याचा फोल्डर हातात घेऊन साहेबांनी शिवण उलटी करून पाहिली, कौतुक केलं. मग म्हणाले, “ताई, माल चांगलाय हो. पण अट सोडली तर उद्या लेखाआक्षेप माझ्यावर निघतो.” गट उलाढालीच्या अटीवर बाहेर पडला. चर्चासत्रात रेक्झिनचे फोल्डर आले, प्रत्येक फोल्डर वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. दुपारी दाराशी त्या पिशव्यांचा ढीग पडला होता. तो ढीग पाहून त्या गटाच्या अध्यक्षबाई काहीच बोलल्या नाहीत, नमुन्याचा फोल्डर तेवढा परत मागून घेतला.

त्या साहेबांना मी दोष देत नाही. सगळ्यात कमी दराचा पुरवठादार, म्हणजे एल-१, सोडून दुसरा निवडला तर उत्तर त्यांनाच द्यावं लागतं. म्हणून बदल अटी लिहितानाच करावा लागतो, दर उघडताना नाही. कापडी हवा, पुन्हा वापरता येणारा हवा, एकेकट्या प्लास्टिकच्या वेष्टनात नको, एवढं निविदेत असतं तर तोच एल-१ वेगळा निघाला असता. खरेदीचे छोटे भाग पाडले असते तर गटालाही अर्ज करता आला असता. केंद्र सरकारच्या २०१२ च्या खरेदी धोरणात मंत्रालयांनी आणि सार्वजनिक कंपन्यांनी किमान २५ टक्के खरेदी सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून करायची आहे. त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांचा ४ टक्के आणि महिलांच्या उद्योगांचा ३ टक्के वाटा ठरवून दिला आहे. अशा उद्योगांना अनामत रकमेतून सूटही आहे. सेबीनं आपला आकडा याच तीन रकान्यांत मांडला तर राज्यातल्या कितीतरी खरेदी अधिकाऱ्यांना धीर येईल. ‘सेबीनं अशी अट घातली होती’ हे फाईलवर लिहिता येणं ही त्यांच्यासाठी मोठी गोष्ट असते.

दराचा हिशेबही पूर्ण व्हायला हवा. साधा छताचा पंखा ७५ वॅटच्या आसपास वीज खातो, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, म्हणजे बीएलडीसी, पंखा ३० वॅटच्या आसपास. दिवसाला १० तास आणि वर्षाला २५० दिवस धरले तर एका पंख्यामागे वर्षाला ११० युनिटांच्या वर वीज वाचते. १० रुपये युनिट धरलं तर हजार-अकराशे रुपये, आणि देशाच्या ग्रिडच्या सरासरीनं ७५ ते ८० किलो कार्बन डायऑक्साइड. दुकानात दोन्ही पंख्यांच्या किमतीत साधारण हजार-दीड हजाराचा फरक असतो. म्हणजे दीड वर्षाच्या आत पैसे वसूल, पुढची सगळी वर्षं नफ्यात. तरी खरेदीच्या तक्त्यात साधा पंखाच स्वस्त दिसतो, कारण वीजबिल दुसऱ्या फाईलमध्ये असतं. वीजबचतीचे तारे मिळालेली उपकरणं घेण्याची अट केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत आहे. आपण एसी, लिफ्ट, प्रिंटर यांची निवड आयुष्यभराच्या खर्चावर केली आणि तो तक्ता जाहीर केला, तर ती पद्धत दुसऱ्यांना उचलता येईल.

इकोमार्कचंही असंच. १९९१ मध्ये सरकारनं पर्यावरणस्नेही मालासाठी हे चिन्ह आणलं, त्यावर मातीचा घडा होता. तीस वर्षांत बाजारात तो घडा मला दिसला नाही, कारण तो मागणारं मोठं गिऱ्हाईकच नव्हतं. सप्टेंबर २०२४ मध्ये नवे इकोमार्क नियम आले आहेत. कागद, रंग, साबण घेताना तो पसंतीचा निकष म्हणून लिहिणाऱ्या पहिल्या संस्थांत सेबी असावी, अशी माझी इच्छा आहे.

आणखी एक रकाना. पुरवठादारांची बिलं सरासरी किती दिवसांत चुकती होतात, हेही आपण आम्हाला विचारता. छोट्या पुरवठादाराला हा दिवसांचा आकडा दरापेक्षा महत्त्वाचा असतो. कायद्यानं ४५ दिवसांची मर्यादा आहे. आमच्या कंपनीचा आकडा पहिल्या वर्षी लाज वाटावी इतका होता. छापून आला म्हणून एमडींच्या बैठकीत विषय निघाला, म्हणून तो खाली आला. सेबीचा आकडा चांगलाच असेल, तर तो दिसू द्या.

माणसांकडे येतो. नमुन्याच्या पहिल्याच भागात कायम कर्मचारी, कायम नसलेले कर्मचारी, कामगार, त्यांत स्त्रिया किती, दिव्यांग किती, हे सगळं वेगवेगळं लिहावं लागतं. आपल्या कार्यालयातले सुरक्षारक्षक, सफाई करणाऱ्या बायका, कँटीनमधली मुलं बहुधा एजन्सीमार्फत येत असतील, जसं आज बहुतेक मोठ्या कार्यालयांत असतं. आम्ही हा तक्ता भरायला घेतला तेव्हा लक्षात आलं की सफाईच्या बायकांना डबा खायला जागाच नव्हती. त्या जिन्याखाली बसत. तक्त्यात ‘जागा’ असा रकाना नाही, पण त्यांची संख्या विचारायला मी गेलो म्हणून ते दिसलं. सेबीच्या अहवालात कंत्राटी माणसांची मोजणी झाली, त्यांना किमान वेतनापेक्षा किती जास्त मिळतं हे आलं, त्यांची बाळंतपणाची रजा आणि वैद्यकीय सोय आली, तर एजन्सीलाही कळेल की कुणीतरी बघतंय. स्त्री-पुरुषांच्या वेतनाचा वाटा, पाळणाघर, लैंगिक छळाच्या तक्रारी यांचे रकाने तयारच आहेत, त्यावर वेगळं लिहीत नाही. सेबीला २०२२ मध्ये पहिल्या महिला अध्यक्ष लाभल्या. खालच्या प्रत्येक श्रेणीत स्त्रियांचं प्रमाण काय आहे, हेही त्याच अभिमानानं सांगता यावं.

दिव्यांगांच्या बाबतीत आपण गेल्या वर्षी एक महत्त्वाचं पाऊल उचललंत. प्रज्ञा प्रसून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ३० एप्रिल २०२५ ला सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. ज्यांना पापण्या मिटता येत नाहीत अशा ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या व्यक्तींना, ज्यांना पडदा दिसत नाही अशा अंध व्यक्तींना, ‘डोळे मिचकावा’ म्हणणारं केवायसी, म्हणजे ग्राहकाची ओळख-पडताळणी, अडवत होतं. त्यानंतर ३१ जुलै २०२५ च्या परिपत्रकानं आपण ब्रोकर, म्युच्युअल फंड आणि इतरांना त्यांची संकेतस्थळं आणि ॲप सुगम करायला सांगितलं. आता सुगमतेची तपासणी आपल्या तक्रार पोर्टलची, आदेशांच्या पीडीएफची, भरतीच्या अर्जांची करून घ्यावी, आणि तिचा निकाल, उणिवांसकट, जाहीर करावा. तपासणाऱ्यांत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली, रोज वापरणारी माणसं असावीत. पोर्टल उघडतं का, एवढं पाहून भागत नाही. तक्रार शेवटच्या बटणापर्यंत कुणाच्या मदतीशिवाय जाते का, हे पाहावं.

इमारतींचंही तसंच. दिव्यांग हक्क कायद्याखालचे नियम जून २०१७ मध्ये आले आणि जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायला पाच वर्षं होती. ती २०२२ मध्ये संपली. राजीव रतुरी प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ ला न्यायालयानं सांगितलं की सुगमतेचे नियम नुसत्या मार्गदर्शक सूचना राहून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत. आपल्या पाचव्या तत्त्वात बाहेरून येणाऱ्या दिव्यांग व्यक्तींसाठीही प्रश्न आहे, मात्र तो ऐच्छिक रकान्यांत ठेवला आहे. तक्रार घेऊन, सुनावणीसाठी येणारा गुंतवणूकदार हा बाहेरूनच येतो. तो प्रश्न सक्तीच्या रकान्यांत यावा, असं मला मनापासून वाटतं.

प्रत्यक्षात कसं करायचं, तेही सुचवतो. सेबी कायद्याच्या कलम १८ प्रमाणे आपला वार्षिक अहवाल केंद्र सरकारला जातो आणि संसदेपुढे ठेवला जातो. हा नमुना त्याला परिशिष्ट म्हणून जोडता येईल. नमुन्यात ऊर्जा आणि पाणी उलाढालीच्या प्रत्येक रुपयामागे मोजायला सांगितलं आहे. नियामकाला उलाढाल नसते, तिथे दर कर्मचाऱ्यामागे किंवा दर चौरस फुटामागे मोजावं. पडताळणी बाहेरच्या संस्थेकडून व्हावी, आम्हाला सांगता तशीच. पहिल्या वर्षी काही रकान्यांपुढे ‘अद्याप मोजणी नाही’ असं लिहावं लागेल. लिहा. आमच्या बोअरवेलपुढे आम्हीही तेच लिहिलं होतं, आणि त्याच ओळीमुळे मीटर बसला.

भरताना आपल्या अधिकाऱ्यांना काही प्रश्न अडतील. उत्सर्जनाची तीव्रता, म्हणजे उलाढालीच्या दर रुपयामागचं उत्सर्जन, क्रयशक्तीच्या समतेनं, म्हणजे देशोदेशींच्या किमतींतला फरक धरून, जुळवून लिहा म्हटल्यावर कारखान्यातल्या इंजिनिअरचा चेहरा कसा होतो, ते त्यांनाही कळेल. काही प्रश्न निरर्थक वाटतील, काही अपुरे वाटतील. जिन्याखाली डबा खाणाऱ्या बाईसाठी रकाना का नाही, असंही कुणाच्या मनात येईल. पुढच्या वेळी नमुना सुधारताना हा अनुभव सल्लागारांच्या कुठल्याही अहवालापेक्षा उपयोगी पडेल.

सुगमतेची पाहणी ठरवलीत तर आमचे ते अकाउंट्समधले सहकारी यायला तयार आहेत. त्यांना विचारूनच हे लिहितोय. एका दिवसाची रजा टाकतील, येण्याजाण्याचा खर्च स्वतः करतील. उतार मोजायला टेप मी घेऊन येईन.

आपला नम्र,
बीआरएसआर भरणारा एक कर्मचारी,
चाकण, जिल्हा पुणे